विचारा बैजवार : दस्तीचा हक्क, न परतणारे डबे आणि माळवदावरची झोप

'विचारा बैजवार', म्हणजे नीट सविस्तर विचारा, या आपल्या प्रश्नोत्तरांच्या सदराकडे या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पोस्टकार्ड कोपरा फाटलेले आले. तरुण वाचकांसाठी सांगायला हवे की, कोपरा फाडलेले कार्ड म्हणजे कोणीतरी गेल्याची वार्ता, आणि असे कार्ड उंबऱ्याच्या आत आणायचे नाही, बाहेरच वाचून फाडून टाकायचे, असा आपल्याकडे रिवाज होता. पोस्टमनने ते माझ्या हाती दिलेले पाहताच आमच्या सौभाग्यवतींनी ओट्यावर बसकण मारली आणि आजारी नातेवाइकांची यादी वयाच्या उतरत्या क्रमाने पुटपुटायला सुरुवात केली. मी दाराबाहेरच उभा राहून कार्ड वाचले. हिंगोलीच्या एका आजोबांनी मोबाइलवर येणाऱ्या शुभप्रभात संदेशांविषयी तक्रार केली होती आणि सगळ्यात शेवटी, पत्त्याला खेटून, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिले होते, "कोपरा नातवाने फाडला आहे, घाबरू नये." ही ओळ सुरुवातीला लिहिली असती तर मला त्या दिवशीचा चहा वेळेवर मिळाला असता.

बाकीची पत्रे लिफाफ्यांतून आली, काही मोबाइलवरून आली. बहुतेकांनी नाव छापू नये अशी विनंती केली आहे, कारण ज्यांच्याविषयी तक्रार आहे तेही हेच मासिक वाचतात आणि बरेचदा तक्रारदाराकडूनच मागून नेऊन वाचतात.

प्रश्न : मी एसटीच्या खिडकीतून सीटवर दस्ती टाकली. दारातल्या रेटारेटीतून आत पोचलो तेव्हा एक तरुण त्याच दस्तीवर बसून मोबाइल पाहत होता. "काका, दस्तीचं तिकीट काढलंय का?" असे त्याने मलाच विचारले. खिडकीतून टाकलेल्या दस्तीमुळे जागेवर हक्क मिळतो की नाही, याचा एकदाचा निकाल द्यावा.
(एक निवृत्त मुख्याध्यापक, गंगाखेड)

उत्तर : गुरुजी, पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी आधी खुलासा करतो की, दस्ती म्हणजे हातरुमाल. फारसीत हाताला दस्त म्हणतात. निजामी अमदानीत हा शब्द आपल्या खिशात आला, पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान गेले, पण दस्ती खिशातच राहिली.

आता निकालाकडे वळू. आगाऊ आरक्षण केलेल्या प्रवाशाचा हक्क त्याच्या तिकिटावर छापलेला असतो, दस्तीचा हक्क कुठेही छापलेला नाही, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु रिवाज नावाची एक गोष्ट असते आणि मराठवाड्यातल्या कोणत्याही बसस्थानकावर हा रिवाज पुराव्यानिशी शाबीत करता येईल. वर्तमानपत्र टाकले तर दावा कमजोर ठरतो, कारण ते वाऱ्याने उडाले असे म्हणायला समोरच्याला जागा राहते. पिशवी टाकली तर दावा भक्कम होतो, मात्र पिशवीतल्या अंड्यांची हमी कोणी घेत नाही. दस्ती एका सीटपुरतीच चालते. ती उलगडून दोन सीटवर पसरणारे महाभाग मी पाहिले आहेत, पण त्यांचे अपील मंजूर झालेले पाहिले नाही. खिडकीतून उचलून आत सोडलेले पोर ही सर्वांत पक्की नोंद होय, कारण ते रडून आपली हद्द स्वतःच कायम करते. आपल्या खटल्यात अडचण एवढीच आहे की, आपण दस्ती टाकली आणि कब्जा दुसऱ्याने घेतला. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर भोगवटादार म्हणून त्या तरुणाचे नाव लागले आणि आपली दस्ती 'इतर हक्क' या रकान्यात जाऊन पडली.

हा रिवाज आपल्याकडेच इतका का मुरला, याचाही थोडा इतिहास आहे. पुणे ते नगर ही एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली, तेव्हा आपण अजून निजामाच्या राज्यातच होतो. पण त्या राज्याच्या रेल्वेने १९३२ मध्येच २७ बसगाड्या घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली होती. खिडकीशी झोंबण्याचा सोळा वर्षांचा जादा अनुभव गाठीशी असलेला मुलूख आहे हा. आता तर ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, त्यामुळे पूर्वी ज्या आजी वर्षातून एकदा तुळजापूरला जात त्या आता महिन्यातून दोनदा लेकीकडे जातात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र तिकिटात सवलत मिळाली म्हणून गाडीतली बाके वाढत नाहीत.

दस्तीच्या बाबतीत मी स्वतः निष्कलंक नाही. १९७५ च्या दिवाळीत औरंगाबादहून (आताच्या छत्रपती संभाजीनगरहून) गावाकडे निघालो होतो. कडेला निळ्या दोऱ्याची शिवण आणि कोपऱ्यात आईने विणलेले माझे आद्याक्षर, अशी ती दस्ती मी तिसऱ्या खिडकीतून नेमकी आत फेकली आणि विजयी मुद्रेने दाराकडे धावलो. आत जायला दहा मिनिटे लागली. पाहतो तो माझ्या जागी एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसलेल्या होत्या आणि माझ्या दस्तीने त्या लेकराचे नाक पुसत होत्या. मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, "दादा, तुमची व्हय ही दस्ती? लेकरानं घाण केली बगा. थांबा, उतरल्यावर धुऊन देते." असे म्हटल्यावर माणूस भांडणार कसा? मी जालन्यापर्यंत उभा गेलो. त्या बदनापूरलाच उतरल्या होत्या आणि जाताना जागा माझ्यासाठी राखून ठेवायला दस्ती सीटवर टाकायला विसरल्या नव्हत्या. पण ती तशा ओल्या अवस्थेत पाहून बसायचे धाडस मला झाले नाही आणि दुसऱ्या एकाला झाले.

गुरुजी, निकाल असा की दावा खर्चासह फेटाळण्यात येत आहे, मात्र दस्ती परत मागण्याचा आपला हक्क अबाधित आहे.

प्रश्न : येळवशीला मी शेजारीपाजारी पाच घरी भज्जी आणि आंबील पाठवली. दोन डबे परत आले, तीन आले नाहीत. मागायला गेले तर वाईट दिसते, नाही गेले तर मांडणीत खाच दिसते. काय करावे?
(एक गृहिणी, लातूर)

उत्तर : वहिनी, लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला, अख्खे शहर शेतावर जाते, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि हिरव्या तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे, चिंच, वांगी, गाजर असे शिवारात जे असेल ते घालून बेसनात शिजवलेली ती भज्जी ज्याने बाजरीच्या उंड्याबरोबर खाल्ली, तो डबा परत करण्याचे भान ठेवील अशी अपेक्षाच मुळात चुकीची आहे. पण आपला प्रश्न गंभीर आहे आणि माझ्या मते त्यामागे शेजाऱ्यांची लबाडी नाही, तर त्यांची संस्कृती आहे. रिकामा डबा परत करू नये, असे आपल्या प्रत्येकाला घरात शिकवलेले असते. निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यावी. आता आपल्या भज्जीच्या डब्यात साखर घालून पाठवणे त्या गृहिणीला हलकेपणाचे वाटते, म्हणून ती काहीतरी चांगले करीन तेव्हा देईन असे ठरवते, मग सुगीची धांदल येते, मग परीक्षा येतात, मग तो डबा तिच्या डाळीच्या डब्यांच्या रांगेत बसतो आणि पाडव्यापर्यंत तिला खरोखरच तो आपला वाटू लागतो.

आपले पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवले, ही माझी चूक झाली. सौभाग्यवतींनी ताबडतोब आमच्याच मांडणीची झडती घेतली आणि परक्या नावांची चार भांडी बाहेर निघाली. त्यांतल्या एका पितळी डब्यावर "सप्रेम भेट, १९८४" असे कोरलेले आहे आणि त्याखाली ज्या गृहस्थांचे नाव आहे त्यांना आमच्या घरातले कोणीही ओळखत नाही. आम्ही दोघांच्याही माहेर-सासरच्या तीन पिढ्या धुंडाळल्या. एवढी वर्षे त्यात आम्ही मेथ्या ठेवत आलो आहोत.

भांड्यांवर नावे घालण्याची ती पद्धत तरी किती सुंदर होती. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलेला माणूस हातातले यंत्र घरघर फिरवत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे उमटवायचा, आणि अक्षरांवर पैसे असल्यामुळे लांब आडनावाच्या कुटुंबांना तो छंद महाग पडायचा. आमच्या वडिलांनी काटकसर म्हणून तांब्यांवर फक्त आद्याक्षरे घालून घेतली. त्याच गल्लीत त्याच आद्याक्षरांचे दुसरे एक कुटुंब होते. पुढची वीस वर्षे कोणत्याही लग्नकार्यानंतर तांबे कोणाचे यावर दोन्ही घरांत जी बोलाचाली होई, तीत त्या काटकसरीच्या दसपट किमतीचा चहा खर्च झाला.

उपाय एकच सांगतो, तो मला माझ्या मावशीने शिकवला आहे. डबा पाठवताना झाकण घरी ठेवावे आणि वर ताटली झाकून द्यावी. झाकण नसलेला डबा कोणाच्याही मांडणीत फार दिवस टिकत नाही, कारण त्यात ना डाळ ठेवता येते ना गूळ. मुंग्या लागतात आणि त्या घरची माऊली आठ दिवसांत तो आपल्या दारी आणून देते. ताटली मात्र परत येईल अशी आशा धरू नये.

प्रश्न : (कोपरा फाटलेल्या कार्डावरून) रोज पहाटे पाचपासून गुलाबाची फुले, वाफाळता चहा आणि सुविचार येऊन मोबाइल भरतो. पाठवणाऱ्यांत माझे दोन व्याही आहेत, त्यामुळे बंदही करता येत नाही. मार्ग सांगावा.
(एक आजोबा, हिंगोली)

उत्तर : काका, व्याह्यांचा संदेश न उघडणे म्हणजे मांडवात मान न देण्यासारखे आहे, हे मला मान्य आहे. पूर्वी व्याही वर्षातून एकदा धोंड्याला किंवा संक्रांतीला यायचे आणि त्यांच्यासाठी पुरण घालावे लागायचे. आता ते रोज येतात आणि नुसता अंगठा दाखवून भागते, हा हिशेब आपल्या फायद्याचाच आहे. आपल्याला येणाऱ्या गुलाबांपैकी पिवळा गुलाब बहुधा माझ्याकडून फिरत फिरत आलेला असावा. क्षमा असावी.

प्रश्न : आमच्याकडे शेतीपंपाची वीज आठवड्याआड रात्रपाळीत येते. रात्री दोनला मोटार चालू करायला जातो, दिवस उगवायला परत येतो, दुपारी बाजेवर जरा डोळा लागला की फोन वाजतो, "सर, तुमचं लोन मंजूर झालं आहे." पीककर्जासाठी मी एका बँकेत सहा चकरा मारल्या, सातबारा आणा, आठ-अ आणा, फेरफार आणा, साऱ्या गावातल्या सोसायट्यांची बेबाकी (थकबाकी नसल्याचा दाखला) आणा. न मागितलेले कर्ज दिवसातून तीनदा मंजूर होते आणि मागितलेले सहा महिन्यांत होत नाही, याचे कारण काय?
(एक शेतकरी, सेलू)

उत्तर : दादा, कारण सरळ आहे. फोनवरच्या माणसाने आपले शेत पाहिलेले नाही, म्हणून त्याला आपल्याविषयी एवढा विश्वास वाटतो.

चेष्टा बाजूला ठेवून आधी कामाचे सांगतो. जाहिरातीचे फोन नको असतील तर १९०९ या क्रमांकावर नोंद करता येते. अशा अधिकृत जाहिरातींचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून येतात, म्हणून तो आकडा दिसला की बाजेवरची कूस बदलून झोपावे. मात्र साध्या दहा आकडी क्रमांकावरून कोणी कर्ज मंजूर झाल्याचे सांगून 'प्रोसेसिंग फी' आधी भरा म्हणाला किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी विचारू लागला, तर तो सावकारापेक्षा वाईट आहे असे समजावे. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० ला फोन करावा. हा आकडा लक्षात ठेवणे आपल्या पिढीला सोपे आहे, दांडीयात्रेचे साल म्हणून गुरुजींनी छडी हातात घेऊन तो पाठ करून घेतला होता.

पण एक अनुभव सांगतो, म्हणजे आपला राग थोडा निवळेल. गेल्या जूनमध्ये भर दुपारी मलाही असाच फोन आला. मी चिडून म्हणालो, "बाई, पाऊस नाही, पेरणी नाही, कर्ज घेऊन मी काय उशाला ठेवू?" पलीकडून पाठ केलेले हिंदी एकदम थांबले आणि आवाज आला, "काका, तुमच्याकडं पण नाही का पडला?" ती मुलगी आमच्याच शेजारच्या तालुक्यातली निघाली. बारावीनंतर पुण्यात आली होती, चार मैत्रिणी एका खोलीत राहत होत्या आणि वडिलांनी उसनवारीने आणलेले सोयाबीनचे बियाणे घरात पडून होते. मृगाने कशी पाठ फिरवली, आर्द्रा तरी लागेल का, पुण्यात भाकरी करायला तवा मिळतो पण ज्वारीचे पीठ पांढरेफटक आणि चिकटपणा नसलेले कसे मिळते, असे आमचे बराच वेळ बोलणे झाले. शेवटी ती म्हणाली, "काका, ठेवते आता, आज अजून पन्नास फोन व्हायचेत." दुपारची झोप गेली ती गेलीच. तेव्हापासून मी अशा फोनवर ओरडत नाही, फक्त पाऊस विचारतो. बहुतेक जण त्या प्रश्नाला घाबरून लगेच फोन ठेवतात.

प्रश्न : पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा होता. लग्न लागले २ वाजून २० मिनिटांनी. मधल्या वेळात अकरा मान्यवरांनी वधूवरांना आशीर्वादपर भाषणे केली. मुठीतल्या ज्वारीच्या अक्षता घामाने भिजून हाताला रंग लागला. अशा मुहूर्ताला अर्थ काय?
(एक वऱ्हाडी, अंबाजोगाई)

उत्तर : मुहूर्त हा लग्नाचा नसून मान्यवरांच्या गाडीचा असतो आणि ती गाडी त्या दिवशी आणखी सहा लग्ने करून येत असते, एवढे समजून घेतले की त्रास निम्मा होतो.

जुन्या काळी लग्ने वेळेवर लागत, असे आपण पुढे लिहिले आहे, ते मात्र मला खोडावे लागेल. तेव्हा मान्यवर नव्हते, पण नवरदेव होता. ऐन वेळी तो रुसायचा. कधी मनगटी घड्याळासाठी, कधी सायकलसाठी, आणि एका लग्नात तर रेडिओसाठी रुसलेला नवरदेव मारुतीच्या पारावर सूर्य मावळेपर्यंत बसलेला मी पाहिला आहे; मुलीचे वडील पागोटे हातात घेऊन उभे होते. त्या दिवसाची आठवण काही गोड नाही. गोड आठवण आहे ती पंगतीची. उन्हात तापलेल्या अंगणात मांडी घालायची, पळसाच्या पानांची इस्तारी जमिनीवर नीट बसत नाही म्हणून तिच्या कडेखाली खडा लावायचा, पातळ वरण वाढले की ते पानाच्या टाक्यांतून पळून जाण्याआधी भाताचा बांध घालायचा. आणि हे स्थापत्य साधत असतानाच बुंदीवाला पुढे निघून जायचा. शेजारचा मुलगा बांध घालण्यात कच्चा असेल तर त्याचे वरण आपल्या मांडीपर्यंत यायचे. हल्ली ताट हातात घेऊन उभ्याने जेवावे लागते हे खरे, पण दुसऱ्याच्या वरणापासून संरक्षण मिळते.

राहता राहिली भाषणे. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात 'ज्येष्ठ साहित्यिक' म्हणून माझेही नाव पुकारले गेले. मी दोनच शब्द बोलतो म्हणालो आणि चौदा मिनिटे बोललो. सौभाग्यवतींनी घड्याळ लावले होते.

प्रश्न : आमचे आजोबा रोज सांगतात, "आमच्या काळी माळवदावर झोपायचो, चांदण्या मोजायचो, सात जणांत एक सायकल होती, तुम्हाला काय कळणार ते सुख." मागच्या अंकात आपणही तसेच लिहिले होते. त्या काळात डास नव्हते का? उकाडा नव्हता का? कंटाळा यायचा नाही का? कृपया खरे उत्तर द्यावे.
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : पोरी, 'खरे' या शब्दाखाली तू दोनदा रेघ ओढली आहेस, म्हणून खरेच सांगतो.

डास होते. विंचूही होते. माळवद म्हणजे काय हे तुझ्या वसतिगृहातल्या मैत्रिणींना सांग : जाड दगड-मातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि फळ्या, त्यांवर हातभर मातीचा थर, आणि मध्ये उजेडासाठी व धुरासाठी ठेवलेले भोक, त्याला सवणे म्हणायचे. उन्हाळ्यात आतून घर थंड राही, हे आजोबांचे म्हणणे खरे आहे. पण दर वर्षी मृगाच्या आधी त्यावर पांढरी माती टाकून चोपावी लागे आणि ती टोपल्यांनी वर वाहून नेण्याचे काम 'सुट्टीत पोरं रिकामीच आहेत' या न्यायाने आमच्याकडे येई. एवढे करूनही आषाढात माळवद गळायचे. रात्री आई परात, पातेले, तांब्या असे जे हाती लागेल ते गळतीखाली मांडत जायची आणि प्रत्येक भांड्याचा टप् निराळ्या सुरात वाजायचा. श्रावणात वर गवत उगवायचे आणि शेजारची शेळी जिना चढून ते खायला यायची. सलग घरांची माळवदे एकमेकांना चिकटलेली असल्यामुळे आम्ही गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वरच्या वर जात असू, आणि वाटेत कोणाच्या सवण्यातून आत खडा टाकायचा हा आमचा खेळ होता. एकदा माझा खडा एका काकूंच्या उकळत्या येसराच्या आमटीत पडला. त्यांनी वर पाहिले, मला ओळखले आणि काही न बोलता ती वाटीभर आमटी संध्याकाळी आमच्या घरी पाठवून दिली, खड्यासकट.

माळवदाचे कौतुक करताना माझ्या पिढीची जीभ एका ठिकाणी अडखळते, तेही सांगून टाकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि अशाच जाड भिंती, अशीच मातीची जड छते झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. त्यानंतर आमच्या भागात कितीतरी लोक घर धड असतानाही अनेक महिने अंगणात झोपत होते. तुझे आजोबा हे सांगत नसतील, तर मुद्दाम सांगत नाहीत असे समज.

सायकलीचे म्हणशील तर ती तासाच्या भाड्याने मिळायची आणि तिची साखळी तासाच्या पन्नासाव्या मिनिटाला दुकानापासून सर्वांत लांबच्या ठिकाणी उतरायची. परभणीहून औरंगाबादला जाणारी मीटरगेज गाडी आम्हाला फार प्रिय होती, असे आम्ही आता म्हणतो. खिडकीत बसायला भांडण करायचे, आणि खिडकी मिळाली की कोळशाच्या इंजिनातून उडालेला कण डोळ्यात जायचा. मग समोरच्या अनोळखी बाई पदराचे टोक ओले करून, "वर बघ बाळा, माझ्याकडं नको, वर," असे म्हणत तो काढायच्या. पुढे मुंबईला जायचे तर मनमाडला सगळे बाडबिस्तर उतरवून मोठ्या रुळाच्या गाडीत चढावे लागे. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले तेव्हा स्टेशनवर पेढे वाटणाऱ्यांत मी पुढे होतो. त्या छोट्या गाडीविषयी गहिवरून लिहिणे मी दहा वर्षांनी सुरू केले.

आणि १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आम्ही खाल्ली, हे तर तू दर भाकरीगणिक ऐकत असशील. मी सतरा वर्षांचा होतो, पाझर तलावाच्या कामावर खडी उचलायला जात होतो. ती भाकरी दुपारपर्यंत चामड्यासारखी होई, दातांनी धरून हाताने ओढावी लागे. त्या वेळी आमच्यातल्या कोणालाही ती आवडत नव्हती आणि आज कोणी पुढे ठेवली तर कोणी खाणारही नाही. मात्र कामावर दुपारी मिळणाऱ्या सुकडीची मूठ माझ्या मुठीपेक्षा मोठी आहे म्हणून ज्याच्याशी मी भांडलो, तोच पुढे माझा जिवाभावाचा मित्र झाला, आणि आम्ही भेटलो की तासभर त्या मिलोचेच बोलतो. त्याची नातसून आम्हाला ऐकून ऐकून कंटाळली आहे. तुझे पत्र तिनेच लिहिले की काय, अशी मला मधूनच शंका आली.

कंटाळा यायचा. फार यायचा. उन्हाळ्याच्या दुपारी दोन ते पाच या वेळात माशी मारण्यापलीकडे उद्योग नसे, आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला तंबूतला सिनेमा वर्षातून एकदाच यायचा.

आता शेवटची साक्ष. यंदाच्या वैशाखात आमच्या गल्लीची विजेची डीपी जळाली. दोन रात्री वीज नव्हती. पहिल्या रात्री नऊच्या सुमारास एकेक जण चटई, सतरंजी, पाण्याची कळशी घेऊन सिमेंटच्या गच्चीवर चढला आणि पाहता पाहता सगळ्या गच्च्या भरल्या. मोबाइल दहापर्यंत विझले. मग मी पोरांना उत्तरेकडे बोट करून ती चौकोनी बाज दाखवली, जिला पुस्तकात सप्तर्षी म्हणतात, आणि म्हातारीची बाज चोरायला आलेले तीन चोर तिच्या मागे कसे रांगेने उभे आहेत ते सांगितले. पलीकडच्या गच्चीवरून कोणीतरी भुईमुगाच्या शेंगा पाठवल्या. परातीतून पाठवल्या, ती परात अजून आमच्याकडेच आहे. एक लेकरू माझ्या मांडीवर झोपले. मी सौभाग्यवतींना म्हणालो की हेच ते सुख, यापुढे रोज वरच झोपायचे. त्या हो म्हणाल्या.

दुसऱ्या रात्री पावणेदोनला वीज आली. खालच्या खोलीत पंख्याची घरघर ऐकू आली आणि मी अर्धा जिना उतरलो तेव्हा वरून आवाज आला, "अहो, उशी तरी घेऊन जा."